कल्याण कुठलं, ठाण्याचं की बिदरचं?

बेळगावच्या बसस्टँडवर कलबुर्गीची गाडी लागली होती. एका मावशींनी तिच्या अंगावरचं कन्नड अक्षर अक्षर लावत वाचलं, ‘कल्याण’, आणि पिशवी उचलून थेट दारात. “लेकीकडं जातोय, कल्याण स्टेशनजवळ उतरवा हं!” कंडक्टर हसून म्हणाला, “ते कल्याण न्हवं हो हे!”

गाडीवर ‘कल्याण कर्नाटक’ लिहिलेलं असतं. पूर्वी निजामाच्या राज्यात असलेल्या हैदराबाद-कर्नाटकाला २०१९ मध्ये हे नाव मिळालं, ते बिदर जिल्ह्यातल्या बसवकल्याणवरून. (आपल्या बेळगाव भागाच्या वाट्याला २०२१ मध्ये ‘कित्तूर कर्नाटक’ आलं.)

ठाण्याचं कल्याण हे बंदर. पहिल्या शतकातल्या ग्रीक दर्यावर्दी ग्रंथात त्याचा उल्लेख आहे, कान्हेरीच्या लेण्यांना दान देणाऱ्यांतही कल्याणचे लोक आहेत. शिवरायांनी १६५७ मध्ये घेतलं ते हेच, आणि सुभेदाराच्या सुनेची गोष्टही इथलीच सांगतात.

‘कल्याणीचे चालुक्य’ म्हटलं की मात्र ठाणे डोक्यातून काढायचं. मराठी पोरांचा घोटाळा नेमका इथं होतो. अकराव्या शतकात पहिल्या सोमेश्वरानं राजधानी मान्यखेटाहून बिदरकडच्या कल्याणला नेली. सहावा विक्रमादित्य १०७६ मध्ये गादीवर बसला आणि त्यानं स्वतःचा शक सुरू केला. सौंदत्तीचे रट्ट त्यांचेच मांडलिक, म्हणून आपल्याकडच्या शिलालेखांतही तो शक सापडतो. म्हणजे रेल्वेनं आपल्याला ठाण्याचं कल्याण जवळचं केलं असलं, तरी आपल्या मुलखाचा इतिहास बिदरच्या कल्याणशी बांधलेला आहे. विज्ञानेश्वरानं ‘मिताक्षरा’ ही हिंदू कायद्यावरची टीका लिहिली तीही तिथंच. वडिलार्जित शेतीच्या दाव्यात वकील आजही ज्या मिताक्षरेचं नाव घेतात, ती ही.

पुढं कलचुरी राजा बिज्जळाच्या काळात बसवेश्वरांचा अनुभवमंटप, म्हणजे संतांची चर्चासभा, तिथंच भरला, आणि दंगल उसळल्यावर शरण, म्हणजे बसवेश्वरांचे अनुयायी, पांगले ते आपल्याच दिशेनं. बसवेश्वरांचे भाचे चन्नबसवण्णा कारवारकडच्या उळवीला पोचले. बसवेश्वरांच्या पत्नी गंगांबिका यांची समाधी एम. के. हुबळीला मलप्रभेत आहे, धारवाडला जाताना हायवेवरच लागते. शरण डोहर कक्कय्यांचं स्थान खानापूर तालुक्यातल्या कक्केरीला. पूर्वी नुसतं ‘कल्याणी’ म्हणवणाऱ्या बिदरकडच्या त्या गावाला पुढं बसवण्णांचं नाव जोडलं गेलं.

आडनावांचं विचाराल तर कल्याणकर, कल्याणी, कल्याणशेट्टी असे सगळे भेटतात, आणि नुसत्या आडनावावरून गाव ओळखायला गेलात तर फसाल. सरळ विचारावं, “तुमचं कुठलं, रेल्वेचं की बसवण्णांचं?”