घरखर्चाची देशोदेशी तुलना: हा हिशेब आला कुठून?

कोणत्या देशात घरखर्चाचा किती वाटा जेवणावर जातो, याचे तक्ते आज सर्रास दिसतात. त्यांचा उगम बेल्जियमच्या मजूर वस्त्यांत आहे. १८५३ साली ब्रुसेल्सच्या आंतरराष्ट्रीय सांख्यिकी परिषदेत मजूर कुटुंबांचे जमाखर्च गोळा करायचं ठरलं; बेल्जियमचे समाजसुधारक दुक्पेतियो यांनी ते १८५५ मध्ये छापले. सॅक्सनी या जर्मन राज्याच्या सांख्यिकी कार्यालयाचे प्रमुख अर्न्स्ट एंगेल यांनी त्यातल्या १५३ कुटुंबांचे आकडे तपासले. मदतीवर जगणाऱ्या घरांत सुमारे ७१ टक्के खर्च खाण्यावर होत होता, त्यातल्या त्यात बऱ्या घरांत ६२ टक्के. घर जितकं गरीब तितका अन्नाचा वाटा मोठा, हा नियम त्यांनी १८५७ मध्ये मांडला.

मुंबईत अशी पाहणी १९२१-२२ मध्ये झाली. सरकारच्या लेबर ऑफिसने फिंडले शिरास यांच्या देखरेखीखाली २,४७३ कामगार कुटुंबांचे हिशेब घेतले. शंभरातले जवळपास ५७ रुपये अन्नावर, साडेनऊ कपड्यांवर, पावणेआठ भाड्यावर, साडेसात सरपण आणि दिवाबत्तीवर. भाडं कमी, कारण बहुतेकांचा संसार एकाच खोलीत. पण अहवालातला मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा निष्कर्ष वेगळाच आहे: गिरणी चालवणाऱ्या या माणसांचा आहार तुरुंगाच्या नियमावलीत कैद्यांसाठी ठरवलेल्या आहारापेक्षाही कमी होता. म्हणजे अन्नावर निम्म्याहून जास्त पैसे जाऊनही पोट भरत नव्हतं. नुसत्या टक्केवारीत हे कधीच दिसलं नसतं.

देशांची तुलना करताना आणखी एक अडचण येते. रुपयाचे डॉलर केले, तरी पुण्यातली आणि न्यूयॉर्कमधली दाढी-कटिंग एका भावाची होत नाही. म्हणून १९६८ मध्ये संयुक्त राष्ट्रं आणि पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाने अर्थतज्ज्ञ अर्विंग क्रॅव्हिस यांच्या नेतृत्वाखाली किमतींची थेट तुलना सुरू केली. पहिल्या दहा देशांत भारतही होता.

आपल्या ग्रामीण भागात अन्नाचा वाटा १९९९-२००० मध्ये ५९ टक्के होता, २०२२-२३ मध्ये ४६. त्यातलं धान्य तर २२ टक्क्यांवरून ५ वर आलं. हे आकडे परदेशी तक्त्यांशेजारी ठेवताना मात्र जपायला हवं. आपली सरकारी घरखर्च पाहणी हॉटेलातलं जेवण अन्नातच धरते. आंतरराष्ट्रीय वर्गवारीत त्याचं खातं वेगळं आहे. शिवाय स्वतःच्या घराचं मानीव भाडं (म्हणजे तेच घर भाड्याने घेतलं असतं तर जे द्यावं लागलं असतं ते) आपण खर्चात धरत नाही, अनेक देश धरतात. त्यामुळे आपला अन्नाचा वाटा आहे त्याहून मोठा दिसतो आणि घराचा लहान.