वाइन आणि घरचे जेवण (ठाणे–नवी मुंबई)

घरी रांधलेल्या जेवणाला साजेशी वाइन निवडून ती कुटुंबीय व मित्रांबरोबर जेवतानाच घेण्याची पद्धत. ठाणे व नवी मुंबईतील मराठी घरांत ती अलीकडच्या दोन-अडीच दशकांत रुजली. नाशिकच्या द्राक्षबागा ठाण्याहून कसारा घाटमार्गे साधारण १५० किमी.वर आहेत. नाशिकच्या सुला या वाइन कंपनीची पहिली वाइन २००० साली आली, २००१ मध्ये राज्य शासनाने द्राक्षप्रक्रिया उद्योगाचे धोरण आणले आणि त्यानंतर शेनिन ब्लाँ, सोव्हिन्याँ ब्लाँ या हिरव्या आणि शिराझ, झिनफँडेल या काळ्या द्राक्षांच्या जातींची नावे इथल्या दुकानांत नेहमीची झाली.

युरोपीय जेवणात पदार्थ एकामागून एक येतात आणि त्यांच्याबरोबर वाइनही बदलते. मराठी ताटात मात्र कोशिंबीर, लोणचे, तळलेली तुकडी, कालवण आणि भात एकदमच वाढलेले असतात. त्यामुळे ‘मासळीला व्हाइट, मटणाला रेड’ हा नियम येथे फारसा उपयोगी पडत नाही. वाइन जुळवायची ती वाटणाशी. तिखट किती, आंबट कशाचे आणि खोबरे ओले की भाजलेले, एवढे स्वयंपाकघरात विचारले की निम्मी निवड होते.

सर्वांत जास्त बिघडते ते तिखटापाशी. मिरचीतील कॅप्सायसिनमुळे होणारी आग मद्यार्काने वाढते, आणि रेड वाइनमधील टॅनिनचा, म्हणजे द्राक्षाच्या साली-बियांतून उतरणाऱ्या द्रव्याचा, तुरटपणा तीत भर घालतो. आगरी मसाल्याच्या झणझणीत मटणाबरोबर १४ टक्के मद्यार्काची कॅबरने सोव्हिन्याँ ही भारी रेड घेतली, तर मटण अधिक जाळते आणि वाइन कडू लागते; मग महागडी बाटली फुकट गेल्याची हळहळ होते. अशा रश्श्याला किंचित गोडसर, थंडगार झिनफँडेल रोझे (गुलाबी वाइन) किंवा गोडसर शेनिन ब्लाँ चांगली, कारण साखर तिखटाची धार बोथट करते. शिराझ राखून ठेवावी ती मिरीच्या, खड्या मसाल्याच्या सुक्या मटणासाठी. या द्राक्षाच्या वाइनला स्वतःचाच मिरीसारखा वास असतो आणि मटणाची चरबी व प्रथिने टॅनिनला मऊ करतात. तिखट जेवणाबरोबर फेसाळ वाइन जपून घ्यावी, बुडबुडे जिभेला आणखी चुरचुरवतात.

आंबटाचा हिशेब सरळ आहे. चिंच-कोकमाच्या कालवणापेक्षा वाइनची आम्लता कमी पडली, तर ती पाणचट लागते. सोव्हिन्याँ ब्लाँ येथे टिकते. तिच्यातील हिरवट वासामुळे कोथिंबीर वडी आणि हिरव्या चटणीने भरलेले पापलेट यांच्याशीही ती उत्तम जमते. ओल्या नारळाच्या दुधातील पदार्थांना थोडी गोडी आणि थोडी आम्लता दोन्ही लागतात. ठाण्यातील सीकेपी घरांत होणारे वालाचे बिरडे याचे चांगले उदाहरण. वालाला स्वतःचा हलका कडवटपणा असतो, टॅनिनने तो उठून दिसतो आणि गोडसर शेनिन ब्लाँने झाकला जातो. भाजलेल्या सुक्या खोबऱ्याच्या व कांद्याच्या वाटणाला, तसेच शेंगदाण्याच्या कूटातील भरल्या वांग्यांना, कमी टॅनिनची तरुण, म्हणजे फार न मुरवलेली, रेड वाइन शोभते.

मासळीबरोबर रेड वाइन घेतल्यावर तोंडात राहणारा उग्र वास मुख्यतः वाइनमधील लोहामुळे येतो. लोहाची माशातील तेलाशी प्रक्रिया होते. बांगडा आणि तारली यांत तेल अधिक असल्याने तेथे रेड टाळावीच. सोड्यांच्या, म्हणजे सुकवलेल्या कोळंबीच्या, खिचडीलाही तेच लागू. रव्यात घोळून तळलेल्या कुरकुरीत बोंबलांना मात्र ब्रूट स्पार्कलिंगसारखी, म्हणजे गोडी नसलेल्या फेसाळ वाइनसारखी, जोडी नाही. तळणीचा तेलकटपणा आम्लतेने आणि बुडबुड्यांनी साफ होतो, आणि मीठही वाइनची चव उजळवते. बोंबलाच्या मसाल्यात तिखट तेवढे बेताने घालावे. जिताड्याच्या फिकट कालवणाला साधी ड्राय (गोडी नसलेली) व्हाइट पुरे.

सोलकढी आणि वाइन एकाच घोटांत नकोत. लसूण आणि कोकम वाइनचा वास बुजवतात, म्हणून सोलकढी शेवटच्या भाताबरोबर द्यावी. आमरस-पुरीबरोबर कोणतीही ड्राय वाइन आंबट लागते. गोडापेक्षा वाइन अधिक गोड हवी. लेट हार्वेस्ट, म्हणजे उशिरा तोडलेल्या द्राक्षांची गोड, शेनिन ब्लाँ छोट्या ग्लासात, ६०–७५ मिली, पुरणपोळीबरोबर चालते. आमरस एकटाच खावा हे बरे.

तापमानाकडे दुर्लक्ष झाले की चांगली निवडही वाया जाते. ‘रेड वाइन खोलीच्या तापमानाला’ हा सल्ला थंड देशांतला आहे. ठाण्यातील मे महिन्याच्या संध्याकाळी खोली ३० अंशांच्या आसपास असते आणि त्या तापमानाला नाकात फक्त मद्यार्क शिरतो. रेड काही वेळ फ्रिजमध्ये ठेवून १६–१८ अंशांवर आणावी. व्हाइट ८–१० अंशांवर, म्हणजे फ्रिजमध्ये अडीच-तीन तास. पाहुणे दारात उभे असतील, तर बादलीत बर्फ व पाणी निम्मे-निम्मे घेऊन मूठभर मीठ टाकावे. २० मिनिटांत बाटली गार होते. नुसत्या बर्फात जास्त वेळ लागतो, कारण खड्यांमध्ये हवा राहते. फ्रीझरमध्ये विसरलेली बाटली फुटू शकते. ग्लासात बर्फ टाकू नये, ग्लास मात्र एक तृतीयांशच भरावा.

सहा जणांना प्रत्येकी १५० मिलीचे दोन ग्लास धरले तर १.८ लिटर लागते, म्हणजे ७५० मिलीच्या तीन बाटल्या. दोन व्हाइट किंवा रोझे आणि एक रेड, सगळ्या एकाच वेळी टेबलावर ठेवाव्यात. एकदम वाढलेल्या ताटाला हीच रीत जमते. न पिणाऱ्यांसाठी तशाच ग्लासात कोकम सरबत असावे. गाडी चालवणाऱ्यासाठी कायद्याची मर्यादा १०० मिली रक्तात ३० मिग्रॅ मद्यार्क अशी आहे आणि दोन ग्लासांत ती सहज ओलांडली जाते, म्हणून पाहुण्यांच्या परतीची सोय आधीच पाहावी. बऱ्याच घरांत आषाढातली मटणाची जेवणे आटोपली की श्रावणभर बाटली उघडली जात नाही.

नाशिकहून आणलेल्या बाटल्या एप्रिल-मेमध्ये गाडीच्या तापलेल्या डिकीत ठेवल्या, तर वाइन शिजते, बूच वर सरकते आणि मुरांब्यासारखा जड वास येतो. घरातही फ्रिजच्या डोक्यावर किंवा गॅसजवळ ठेवू नयेत. अंधाऱ्या कपाटाचा सर्वांत खालचा कप्पा बरा. उरलेली वाइन, रेडसुद्धा, झाकण लावून फ्रिजमध्ये तीन ते पाच दिवस टिकते, स्पार्कलिंग जेमतेम दोन दिवस. ओल्या पुठ्ठ्यासारखा वास आला, तर दोष बुचाचा असतो. ती बाटली बाजूला ठेवून दुसरी उघडावी.