तंबाखू विकताय? परवाना, शंभर यार्ड आणि फलक: दुकानदारांसाठी माहिती

महापालिकेचा किंवा नगरपालिकेचा परवाना हातात आला म्हणजे तंबाखू विकायला मोकळे झालो, असा समज टपरीवाल्यांपासून किराणा दुकानांपर्यंत सगळीकडे आहे. परवाना त्या जागेत धंदा करण्याचा असतो. तंबाखूला 2003 चा केंद्रीय कायदा, म्हणजे ‘कोटपा’, वेगळा लागतो आणि तपासणीत आधी तोच पाहिला जातो.

सगळ्यात जास्त घोळ अंतरात होतो. शिक्षणसंस्थेपासून 100 यार्डांच्या आत, म्हणजे 91.44 मीटरच्या आत, विक्री चालत नाही. लोक शाळेच्या फाटकापासून रस्त्यारस्त्याने मोजतात, पण नियमात मोजणी कुंपणाच्या बाहेरच्या कडेपासून, सरळ रेषेत, चारी बाजूंना आहे. वळसा घालून 140 मीटर चालावं लागत असलं तरी शाळेची मागची भिंत 60 मीटरवर असेल तर ती जागा बाद. म्हणून गाळ्याचं डिपॉझिट देण्याआधी मोबाइलच्या नकाशावर सरळ अंतर काढा आणि मग टेपने मोजा. आकडा नव्वदीत घोटाळत असेल तर दुसरी जागा बघा, असंच आम्ही सांगू.

18 वर्षांखालच्यांना विक्री नाही, हा फलक प्रत्येक दुकानात लागतोच. किमान माप 60 × 30 सेंमी, मजकूर मराठीत, सोबत दुष्परिणामाचं चित्र आणि जागा दर्शनी. ए-फोर कागदावरची प्रिंट जेमतेम 30 × 21 सेंमी भरते, ती चालत नाही. दुसरी चूक म्हणजे फलकासमोर लोंबणाऱ्या पुड्यांच्या माळा. त्यांनी फलक झाकतो, शिवाय माल मुलांच्या नजरेत आणि हाताशी येईल असा मांडायलाही मनाई आहे. गल्ल्यावर बसणारा पोरगासुद्धा 18 पूर्ण हवा. गिऱ्हाइकाच्या वयाची शंका आली तर ओळखपत्र मागा, कारण वय सिद्ध करायची जबाबदारी विकणाऱ्यावर आहे.

मालाचा फलक लावायचा असेल तर जास्तीत जास्त दोन, प्रत्येकी 60 × 45 सेंमीपर्यंत. वरच्या कडेला 20 × 15 सेंमीचा इशारा, पांढऱ्यावर काळ्या अक्षरांत. खाली फक्त मालाचा प्रकार लिहायचा: सिगारेट, विडी, तंबाखू. ब्रँडचं नाव, पाकिटाचं चित्र आणि आतून दिवा, तिन्हीला बंदी. कंपनीचा माणूस फुकटात उजळणारी पाटी देऊ करेल, ती घेऊ नका. जाहिरातीच्या गुन्ह्यात पहिल्याच वेळी दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

‘दंड दोनशेच तर आहे’ हे अर्धवट खरं आहे. कोटपाखाली अल्पवयीनाला विकल्यास 200 रुपयांपर्यंत दंड आहे, पण बाल न्याय कायदा, 2015 च्या कलम 77 खाली सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड आहे.

महाराष्ट्रात सुट्या सिगारेट-विडीची विक्री 2020 पासून बंद आहे, कारण पाकिटावरचा 85 टक्के जागेतला इशारा सुटी घेणाऱ्याला दिसतच नाही. गुटख्यावर 2012 पासून बंदी आहे. ई-सिगारेट तर नुसती साठवणं हाही 2019 पासून देशभर गुन्हा आहे.

तंबाखूच्या दुकानात बिस्किटं, चॉकलेटं ठेवू देऊ नयेत, असं केंद्राने 2017 मध्ये राज्यांना कळवलं होतं. तुमच्या पालिकेने ती अट घातली आहे का, ते परवान्यावरच्या अटींत वाचा.

फलकाची ऑर्डर देताना दर्शनी भिंतीची मोकळी जागा सेंटीमीटरमध्ये मोजून आणा. शटर उघडल्यावर जो भाग झाकला जातो तो मापात धरू नका.