कॅलिफोर्नियात ‘नर्स कमी होत्या’ अशी तक्रार करताना नेमकं कुठे अडतं

‘फ्लोअरवर माणसं कमी होती, रात्रभर नुसती धावपळ झाली.’ या एका वाक्यावर राज्याच्या सार्वजनिक आरोग्य खात्याकडे गेलेली तक्रार ‘सिद्ध झाली नाही’ असा शेरा घेऊन परत येते. नर्स खोटं बोलत नसते, तिला खरंच पाणी प्यायला वेळ मिळालेला नसतो. पण धावपळ कायद्यात मोजली जात नाही. मोजली जातात माणसं.

इथला कायदा १९९९ चा, आणि प्रत्यक्ष आकडे लागू झाले २००४ पासून. नियम आहे राज्याच्या नियमसंग्रहातला टायटल २२, कलम ७०२१७. एका नर्सकडे जास्तीत जास्त किती पेशंट, तर आयसीयूत २, स्टेप-डाउनला (आयसीयूपेक्षा कमी गंभीर पेशंटचा विभाग) ३, टेलिमेट्री (हृदयाचे ठोके यंत्रावर सतत बघतात तो विभाग), लहान मुलांचा वॉर्ड आणि इमर्जन्सीत ४, मेडिकल-सर्जिकलला (सर्वसाधारण वॉर्ड) ५, सायकियाट्रीत ६. हे सगळ्यांना पाठ असतं. त्याच कलमातल्या दोन गोष्टी मात्र कुणी वाचत नाही, आणि तक्रारी तिथेच उभ्या राहतात किंवा पडतात.

एक, हे प्रमाण ‘सदासर्वकाळ’ पाळायचं आहे. सरासरी काढायची सोय नाही. समजा दोघींकडे पाच-पाच पेशंट आहेत. एक अर्धा तास जेवायला गेली आणि जाताना ‘जरा बघशील ना’ म्हणाली. त्या अर्ध्या तासात दुसऱ्या नर्सकडे दहा पेशंट झाले. हा भंगच आहे, आणि मैत्रीत घडला म्हणून तो माफ होत नाही. शिफ्टच्या कागदावर मात्र दहा पेशंटना दोन नर्स, सगळं चोख! म्हणून ब्रेक किती वाजता सुरू झाला, किती वाजता संपला आणि मधल्या वेळात पेशंट कुणाकडे होते, हे लिहिल्याशिवाय तक्रार पाठवू नका.

दुसरी गोष्ट चार्ज नर्सची, म्हणजे शिफ्टचं काम वाटून देणाऱ्या प्रमुख नर्सची. ती स्वतः पेशंटची शुश्रूषा करत असेल तेवढ्याच वेळेपुरती गणतीत येते. बेडची जुळवाजुळव करत फोनवर असेल तर येत नाही. मॅनेजर आणि सुपरवायझरलाही हाच नियम. इमर्जन्सीत आल्याआल्या पेशंट किती गंभीर ते ठरवणारी ट्रायाज नर्सही धरायची नाही.

आता सगळ्यात अवघड प्रकार. पेशंट पाचच, म्हणजे आकडा बरोबर, पण पाचातले तीन इतके आजारी की एकीला झेपणार नाहीत. आकडा म्हणजे फक्त किमान मर्यादा. त्यावर पेशंटच्या गरजेप्रमाणे जादा नर्स देणं हॉस्पिटलवर बंधनकारक आहे, आणि ती गरज ठरवायला प्रत्येक हॉस्पिटलकडे पेशंट वर्गीकरणाची लेखी पद्धत असावी लागते. आजार किती गंभीर, कोणती यंत्रं लागतात, पेशंट स्वतःचं किती करू शकतो, हे त्यात बघतात. अशा तक्रारीत ‘पेशंट जड होते’ लिहून भागत नाही. त्या शिफ्टला वर्गीकरणानुसार किती नर्स हव्या होत्या आणि प्रत्यक्षात किती होत्या, हे दोन आकडे शेजारी-शेजारी लागतात. पहिला आकडा स्टाफिंग प्लॅनमध्ये (किती नर्स लागतील याच्या लेखी आराखड्यात) असतो आणि तो नेमका कुणाकडेच नसतो. त्याच शिफ्टला चार्ज नर्सकडे मागा. नाही दिला तर ‘मागितला, दिला नाही’ असं वेळेसकट टिपून ठेवा. पद्धतच चुकीची वाटत असेल तर वर्षातून एकदा तरी तिचा आढावा घेणारी समिती असते. तिच्यात निम्म्या तरी प्रत्यक्ष शुश्रूषा करणाऱ्या रजिस्टर्ड नर्स असाव्या लागतात. समितीला लेखी द्या, पॅन्ट्रीत बोललेलं कुठेच नोंदवलं जात नाही.

अर्ज भरणं सोपं आहे. ‘कॅल हेल्थ फाइंड’ या संकेतस्थळावर किंवा खात्याच्या जिल्हा कार्यालयात, कुणालाही करता येतो. सोबत तारीख, शिफ्ट, युनिट, पेशंटसंख्या आणि कोण कुठे होतं एवढं द्या. युनियन असेल तर त्या वेळी भरलेल्या ‘असाइनमेंट डिस्पाइट ऑब्जेक्शन’ (आक्षेप नोंदवून काम स्वीकारलं) फॉर्मची प्रत जोडा, नसेल तर त्याच रात्री स्वतःला केलेली तारीखवार नोंद. पेशंटची नावं लिहू नका आणि असाइनमेंट शीटचा (कुणाकडे कोणते पेशंट याच्या कागदाचा) फोटो तर मुळीच काढू नका. तक्रार राहते बाजूला आणि चौकशी तुमचीच लागते.

एका मुदतीचा मात्र नेहमी घोळ होतो. ‘वर्षभर वेळ आहे’ असं फ्लोअरवर ऐकू येतं. ते एक वर्ष तुमच्यासाठी नाहीच! कोणती नर्स कुठे नेमली होती याची नोंद हॉस्पिटलने निदान एवढा काळ जपायची, असा तो नियम आहे. अकराव्या महिन्यात तक्रार केली तर तपासणारा पोहोचेपर्यंत कागद कायदेशीरपणे रद्दीत गेलेला असू शकतो.

भंग सिद्ध झाला तर २०२० पासून पहिल्या वेळी १५,००० डॉलर दंड आणि पुढे दर वेळी ३०,०००. हॉस्पिटलला सुटकेची वाट आहे, पण तीन गोष्टी एकत्र दाखवाव्या लागतात: अडचण अनपेक्षित आणि हाताबाहेरची होती, लगेच प्रयत्न केले, आणि ऑन-कॉल यादी (गरज पडल्यास बोलवायच्या नर्सची) व चार्ज नर्स दोन्ही वापरून संपल्या. त्या रात्री ऑन-कॉलवरच्या कुणाला फोन गेलाच नव्हता हे तुम्हाला माहीत असेल, तर ते अर्जात पहिल्याच ओळीत येऊ द्या. सर्दीच्या दिवसांत चार जणी आजारी पडल्या, याला अनपेक्षित म्हणायचं की नाही हेही तपासणाऱ्याला विचारू द्या.

निनावी तक्रार चालते आणि भीतीपोटी बऱ्याच जणी तीच करतात. मी त्यांना दोष देत नाही. पण सूड उगवण्याविरुद्धचं संरक्षण (आरोग्य व सुरक्षा संहिता, कलम १२७८.५) नीट वाचा. तक्रारीनंतर १२० दिवसांत तुमच्यावर कारवाई झाली तर ती सूडापोटीच झाली असं गृहीत धरलं जातं, आणि तसं नाही हे हॉस्पिटलने दाखवायचं. अट एवढीच की तक्रार तुमची आहे हे तिथल्या जबाबदार लोकांना ठाऊक असायला हवं. नाव दिलंत तर तक्रार पोचल्याची पावती घरी ठेवा, लॉकरमध्ये नको. दिवस तक्रार दाखल केल्याच्या तारखेपासून मोजतात.