कोरस तरंग आणि किरणोत्सर्ग पट्ट्यांतील इलेक्ट्रॉन

पृथ्वीच्या चुंबकावरणाच्या (तिच्या चुंबकीय क्षेत्राने व्यापलेल्या प्रदेशाच्या) अंतर्भागात, प्लाझ्मागोल या पृथ्वीलगतच्या दाट भागाबाहेरील विरळ प्लाझ्मात, म्हणजे विद्युतभारित कणांच्या वायूत, चुंबकीय विषुववृत्ताजवळ उत्पन्न होणाऱ्या अतिशय कमी वारंवारतेच्या विद्युतचुंबकीय तरंगांना कोरस तरंग म्हणतात. त्यांची नोंद ध्वनीत रूपांतरित करून ऐकली, तर पहाटेच्या पक्ष्यांच्या किलबिलाटासारखे चढत जाणारे छोटे स्वर एकामागून एक ऐकू येतात आणि त्यावरूनच हे नाव रूढ झाले आहे. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात अडकलेल्या वेगवान कणांच्या दोन किरणोत्सर्ग पट्ट्यांपैकी बाह्य पट्ट्यातील इलेक्ट्रॉनांना जवळजवळ प्रकाशवेगापर्यंत नेण्यात या तरंगांचा मोठा वाटा असतो. मात्र हेच तरंग इलेक्ट्रॉनांना पट्ट्यातून वातावरणात लोटूनही देतात. या दोन्ही परिणामांचा एकत्र विचार केल्यावाचून पट्ट्यांचे वर्तन समजत नाही.

किरणोत्सर्ग पट्ट्यांचा शोध १९५८ साली जेम्स व्हॅन ॲलन यांनी एक्स्प्लोरर-१ आणि एक्स्प्लोरर-३ या उपग्रहांवरील गायगर गणित्रांच्या, म्हणजे किरणोत्सर्गाचे कण मोजणाऱ्या उपकरणांच्या, साहाय्याने लावला. ठराविक उंचीच्या वर गणित्र शून्य दाखवत असे. पण कण नसल्यामुळे नव्हे, तर त्यांचा मारा इतका प्रचंड होता की गणित्राला ते मोजणेच अशक्य होत असे. आतील पट्ट्यात उच्च ऊर्जेच्या प्रोटॉनांचे प्राबल्य असते, तर साधारण ३ ते ७ पृथ्वी-त्रिज्यांच्या दरम्यानचा बाह्य पट्टा मुख्यतः इलेक्ट्रॉनांचा असतो. आतील पट्टा बराचसा स्थिर असतो. बाह्य पट्टा मात्र चुंबकीय वादळांच्या काळात काही तासांत रिता होतो किंवा अनेक पटींनी भरून येतो.

पट्ट्यात अडकलेल्या इलेक्ट्रॉनाला एकाच वेळी तीन गती असतात. विषुववृत्तावर पृथ्वीकेंद्रापासून ५ त्रिज्या अंतरावर असलेला १ दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेचा इलेक्ट्रॉन चुंबकीय क्षेत्ररेषेभोवती सेकंदाला दोन हजारांहून अधिक घिरट्या घालतो, त्या रेषेवरून उत्तर आणि दक्षिण गोलार्धांतील परावर्तनबिंदूंमध्ये सेकंदाहून कमी वेळात एक फेरी पुरी करतो आणि त्याच वेळी पूर्वेकडे सरकत १० ते २० मिनिटांत पृथ्वीला प्रदक्षिणा घालतो. चुंबकीय क्षेत्र या गतींच्या मानाने सावकाश बदलत असेल, तर प्रत्येक गतीशी निगडित असलेली एक राशी स्थिर राहते आणि इलेक्ट्रॉन पट्ट्यात दीर्घकाळ टिकतो. कोरस तरंगाची वारंवारता इलेक्ट्रॉनाच्या घूर्णनाशी जुळण्याइतकी उच्च असल्यामुळे पहिल्या गतीशी निगडित राशीची ही स्थिरता तो मोडू शकतो.

वर उल्लेखिलेल्या अंतरावर मंद इलेक्ट्रॉनाची घूर्णन वारंवारता सुमारे ७ किलोहर्ट्झ असते. कोरसची वारंवारता बहुधा तिच्या एक-दशांशापासून आठ-दशांशापर्यंत असते आणि बरोबर निम्म्या वारंवारतेजवळ अनेकदा एक रिकामी फट आढळते. तरंगाचे विद्युत क्षेत्र इलेक्ट्रॉन ज्या दिशेने घिरट्या घालतो त्याच दिशेने फिरते. तरंग आणि इलेक्ट्रॉन समोरासमोर येत असले, तर डॉप्लर परिणामामुळे इलेक्ट्रॉनाला तरंगाची वारंवारता वाढलेली भासते. ती त्याच्या घूर्णनाशी जुळली की अनुस्पंदन घडून येते. मग विद्युत क्षेत्राची दिशा त्याच्या गतीच्या संदर्भात काही काळ कायम राहते आणि ऊर्जेची देवाणघेवाण होते.

ही देवाणघेवाण कोणत्या बाजूने होते, हा येथील कळीचा मुद्दा आहे. उपवादळांच्या, म्हणजे चुंबकावरणात साठलेली ऊर्जा अचानक मोकळी होण्याच्या घटनांच्या, वेळी चुंबकावरणाच्या रात्रीच्या बाजूकडील शेपटीतून काही ते काही दशक किलो-इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेचे इलेक्ट्रॉन आत ढकलले जातात आणि पूर्वेकडे, म्हणजे पहाटेच्या बाजूकडे, वाहत जातात. त्यांची गती क्षेत्ररेषेच्या दिशेपेक्षा तिला लंब दिशेत अधिक असते. ही विषमता कमी होताना सुटणारी ऊर्जा तरंगांना मिळते आणि कोरस वाढू लागतो. याच तरंगांशी अनुस्पंदन पावणाऱ्या काहीशे किलो-इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या मोजक्या इलेक्ट्रॉनांकडे ती ऊर्जा पुढे जाते आणि तेच पुढे दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या घरात पोहोचतात. असंख्य मंद इलेक्ट्रॉनांकडून मूठभर वेगवान इलेक्ट्रॉनांकडे ऊर्जा नेणारा मध्यस्थ, असे कोरसचे स्थान आहे.

इलेक्ट्रॉन बाहेरून आत सरकताना वाढत्या चुंबकीय क्षेत्रामुळे प्रवेगित होतात, ही कोरसद्वारे प्रवेगाच्या या उपपत्तीआधीची प्रमुख उपपत्ती होती. दोहोंपैकी कोणती प्रक्रिया प्रभावी ठरते, हे ठरवण्याची कसोटी ३० ऑगस्ट २०१२ रोजी सोडलेल्या व्हॅन ॲलन प्रोब्स या जुळ्या उपग्रहांनी उपलब्ध करून दिली. इलेक्ट्रॉन केवळ बाहेरून येत असतील, तर त्यांची प्रावस्था-अवकाश घनता (स्थान आणि संवेग या दोहोंच्या संदर्भात मोजलेली कणांची दाटी) बाहेरून आत कमी होत गेली पाहिजे. ऑक्टोबर २०१२ मधील चुंबकीय वादळात मात्र पट्ट्याच्या आतच तिचे शिखर वाढत गेलेले आढळले आणि प्रवेग जागच्या जागी घडत असल्याचे दिसून आले. बाहेरून आत होणारे विसरण, म्हणजे इलेक्ट्रॉनांचे हळूहळू पसरत जाणे, त्यामुळे रद्द ठरत नाही. कोरसहून कितीतरी कमी वारंवारतेच्या तरंगांमुळे होणारी ही प्रक्रियाही पट्ट्याच्या घडणीत सहभागी असते.

आता ऱ्हासाची बाजू. इलेक्ट्रॉनाचा वेग आणि क्षेत्ररेषा यांतील कोन फार लहान झाला, तर त्याचा परावर्तनबिंदू दाट वातावरणात जातो आणि इलेक्ट्रॉन नष्ट होतो. ५ त्रिज्यांवर विषुववृत्ताशी ही मर्यादा ४ अंशांहूनही कमी आहे. कोरसमुळे कोन बदलून या मर्यादेत आलेले इलेक्ट्रॉन वातावरणात शिरतात. कमी ऊर्जेच्या इलेक्ट्रॉनांच्या अशा वर्षावामुळे स्पंदनशील ध्रुवीय प्रकाश निर्माण होतो. जपानच्या आरासे उपग्रहाने कोरसचे स्फुरण आणि ऱ्हासकोनात, म्हणजे वरील मर्यादेच्या आत, शिरणारे इलेक्ट्रॉन यांची एकाच वेळी नोंद करून हा संबंध प्रत्यक्ष दाखवला.

प्लाझ्मागोलाच्या दाट, थंड प्लाझ्मात कोरसऐवजी ‘हिस’ नावाचे, सलग खरखरीसारखे तरंग आढळतात. कोरसचा काही भाग प्लाझ्मागोलात शिरून हिसचा उगम होतो, अशी एक प्रबळ उपपत्ती आहे. दोन पट्ट्यांमधील रिकामी जागा मुख्यतः हिसमुळे होणाऱ्या इलेक्ट्रॉनांच्या संथ गळतीतून तयार होते. अत्युच्च ऊर्जेच्या इलेक्ट्रॉनांवर मात्र हिसचा परिणाम क्षीण असतो. सप्टेंबर २०१२ मध्ये ३ ते ३.५ त्रिज्यांच्या आसपास दिसलेला अनपेक्षित तिसरा पट्टा सुमारे ४ आठवडे टिकला, याचे स्पष्टीकरण यातच शोधले जाते.

या विषयाचे व्यावहारिक महत्त्वही मोठे आहे. दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्टचे इलेक्ट्रॉन उपग्रहाचे कवच भेदून आतील विद्युतरोधक भागांत साठतात आणि अचानक विद्युत विसर्जन होऊन मंडले बिघडतात. जानेवारी १९९४ मध्ये कॅनडाच्या आनिक ई-१ आणि आनिक ई-२ या दळणवळण उपग्रहांचे दिशानियंत्रण काही तासांच्या अंतराने बिघडले, त्याचे कारण असाच विद्युतभार मानले जाते.

पट्ट्यांच्या पूर्वानुमानासाठी वापरल्या जाणाऱ्या बहुतेक गणिती प्रतिकृती तरंगांना दुर्बल आणि यादृच्छिक मानून इलेक्ट्रॉनांचे सरासरी विसरण काढतात. कित्येक तासांच्या किंवा दिवसांच्या बदलांसाठी ही पद्धत चांगली चालते. तीव्र कोरसचा एकच चढता स्वर मात्र इलेक्ट्रॉनांना काही काळ स्वतःच्या प्रावस्थेत (तरंगाच्या आवर्तनातील ठराविक स्थितीत) पकडून ठेवतो आणि सेकंदाच्या अंशात त्यांची ऊर्जा लक्षणीय प्रमाणात बदलतो, म्हणून अशा घटनांसाठी अरेषीय सिद्धांत आणि संगणकीय सदृशीकरण यांचा आधार घ्यावा लागतो.