आत्महत्येच्या प्रयत्नानंतरची रुग्णवाहिका सेवा

आत्महत्येचा प्रयत्न केलेल्या व्यक्तीवर घटनास्थळापासून रुग्णालयाच्या दारापर्यंत होणारे तातडीचे उपचार. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी ७ लाखांहून अधिक माणसे आत्महत्येने दगावतात. प्रयत्न करणारे त्याच्या कित्येक पट असतात.

जागा सुरक्षित असल्याची खात्री झाली की पथक श्वासमार्ग, श्वसन, रक्ताभिसरण आणि शुद्ध तपासते. विषबाधेची शंका असल्यास रिकामी पाकिटे, बाटल्या सोबत घेतली जातात, अंदाजे वेळ विचारून लिहिली जाते. घरच्यांनी मिठाचे पाणी पाजून उलटी करवली असेल तर तेही नोंदवतात, कारण त्यातून फुप्फुसात द्रव जाण्याचा धोका असतो. काही औषधांच्या अतिमात्रेत रुग्ण पहिल्या दिवशी ठणठणीत दिसतो आणि यकृताची हानी नंतर उघड होते. म्हणून ‘आता बरं वाटतंय’ म्हणणाऱ्यालाही रुग्णालयात न्यावेच लागते.

शारीरिक उपचारांची पद्धत बऱ्यापैकी ठरलेली आहे. खरा कस लागतो तो बोलण्यात. शक्य असेल तिथे सायरन बंद ठेवतात, बघ्यांना दूर करतात. एकच कर्मचारी रुग्णाशेजारी बसतो, स्वतःचे नाव सांगतो, हात लावण्याआधी काय करणार ते सांगतो. ‘अजूनही जीव द्यावासा वाटतो का?’ असे थेट विचारल्याने तो विचार बळावत नाही, असे संशोधन सांगते. याउलट ‘नाटकं करतेय’ हा गाडीत पुटपुटलेला शेरा रुग्णाला ऐकू जातो आणि पुढच्या वेळी मदत मागायची त्याची इच्छाच मारतो. पूर्वीचा प्रयत्न हा पुढच्या आत्महत्येचा मोठा धोकासूचक असताना असा शेरा निव्वळ असभ्य नव्हे, घातकही ठरतो.

रुग्णाने यायला नकार दिला तर त्याची निर्णयक्षमता पाहावी लागते. सक्तीने नेण्याचे नियम देशोदेशी वेगळे आहेत; बळ वापरावेच लागले तरी पालथे दाबून धरणे टाळतात, कारण त्याने श्वास कोंडू शकतो. जिथे प्रयत्न हा गुन्हा ठरतो तिथे कुटुंबे ‘अपघात झाला’ असे सांगतात आणि नेमके उपचार लांबतात. इंग्लंडने १९६१ मध्ये ही तरतूद रद्द केली. भारतात २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरले आहे.

स्टॉकहोममध्ये २०१५ पासून मनोविकार परिचारिका असलेली खास रुग्णवाहिका धावते. बहुतेक ठिकाणी मात्र हे काम सर्वसाधारण पथकच करते, आणि मानसिक आरोग्याचे प्रशिक्षण त्याच्या वाट्याला थोडेच येते. घरातली परिस्थिती, चिठ्ठी, रुग्णाचे नेमके शब्द हे पथकानेच पाहिले-ऐकलेले असतात. रुग्णालयात सोपवताना नाडी-रक्तदाबाबरोबर तेही सांगितले, तर मानसोपचारतज्ज्ञाला रुग्णाच्या धोक्याचा अंदाज घेणे सोपे जाते.