गुत्त्यापासून आडव्या बाटलीपर्यंत : मराठवाड्यातल्या दारूच्या वादामागचा इतिहास

परभणी, नांदेड, लातूरकडं रस्त्याचं किंवा इमारतीचं काम घेणाऱ्याला कंत्राटदार कमी आणि गुत्तेदार जास्त म्हणतात. लिलावाला हर्रास म्हणतात. पुण्या-मुंबईचा माणूस या दोन्ही शब्दांना अडखळतो. हैदराबाद राज्याच्या कारभारातून आलेले हे शब्द आज वाळूपासून आठवडी बाजारापर्यंत कशालाही चालतात. एके काळी मात्र गावातल्या गरिबाला गुत्ता माहीत होता तो दारूचा आणि शिंदीचा. आज ग्रामसभेत देशी दारूच्या दुकानावरून जी खडाजंगी होते, तिची मुळं तिथपर्यंत जातात. मराठवाड्यात दारूवर बोलताना लोक पाप-पुण्याची भाषा वापरतात, पण आतला हिशेब बहुतेक वेळा तिजोरीचाच निघतो.

निजामाच्या राज्यात आबकारी, म्हणजे दारूवरचा कर, हे उत्पन्नाचं मोठं साधन होतं. त्याचा कायदा होता १३१६ फसलीचा, म्हणजे इसवी सन १९०६-०७ च्या सुमाराचा. ठरावीक भागात दारू किंवा शिंदी विकण्याच्या हक्काची हर्रास व्हायची. सर्वांत चढी बोली बोलणारा गुत्तेदार ठरायचा, सरकारला ठरलेली रक्कम भरायचा आणि वर जे सुटेल ते त्याचं. या पद्धतीतली मेख उघड आहे. बोली चढली की गुत्तेदाराला विक्री वाढवावीच लागते आणि विक्री वाढली की पुढच्या वर्षी बोली आणखी चढते. गावाने कमी प्यावं असं वाटणारं या साखळीत कुणीच नव्हतं. उधारी चालायची, धान्यावर चालायची, सुगीच्या बोलीवर चालायची.

शिंदी आता फारशी दिसत नाही, म्हणून दोन ओळी तिच्यावर. ओढ्याकाठी, नाल्याकाठी उगवणारं खजुराच्या जातीचं हे झाड. शेंड्याजवळ छेद देऊन खाली मडकं टांगायचं, रात्रभर रस ठिबकत राहतो. भल्या पहाटे उतरवला तर गोड, शरबतासारखा. ऊन चढेल तसा आंबतो आणि दुपारपर्यंत डोक्यात जातो. झाड ओढ्याकाठी आपोआप उगवलेलं असलं तरी ते छेदायचं तर आबकारीची परवानगी आणि झाडामागे कर. गावच्या ओढ्यातलं झाड, गावच्याच माणसाने चढून काढलेला रस आणि पैसा मात्र हैदराबादच्या खजिन्यात, अशी ही व्यवस्था.

म्हणूनच हैदराबाद मुक्तिसंग्रामात कुऱ्हाड शिंदीवर चालली. ७ ऑगस्ट १९४७ ला हैदराबाद स्टेट काँग्रेसने भारतात सामील होण्याच्या मागणीचा दिवस पाळला. १५ ऑगस्टला तिचे नेते स्वामी रामानंद तीर्थ यांना अटक झाली आणि पुढच्या महिन्यांत आंदोलन गावागावांत पसरलं. लेव्हीचं म्हणजे सरकारला सक्तीने घालायचं धान्य द्यायचं नाही, सरहद्दीवरचे करोडगिरीचे म्हणजे जकातीचे नाके उधळायचे आणि शिंदीची झाडं तोडायची, असा कार्यक्रम होता. रात्रीतून शिंदीची बनंच्या बनं आडवी झाली. तोडणाऱ्यांत काही गांधीवादी होते, काही आर्य समाजाच्या मुशीतले होते, त्यांना दारूचा तिटकारा होताच. पण ही मोहीम व्यसनमुक्तीची नव्हती. निजामाचं उत्पन्न तोडायचं होतं आणि ते उत्पन्न झाडाच्या शेंड्याला मडक्यात टांगलेलं होतं. मुक्तिसंग्रामाच्या भाषणांत दरवर्षी १७ सप्टेंबरला रझाकार येतात, पोलीस ॲक्शन येते, शिंदीची झाडं क्वचितच येतात. मला ती आठवली पाहिजेत असं वाटतं. कारण दारूच्या पैशावर चालणाऱ्या सरकारला लोकांनी इतक्या नेमकेपणाने हात घातल्याचा दुसरा प्रसंग या भागात नाही.

अर्थात त्याआधीही दारू सोडवणारे लोक इथे होतेच. नर्सीच्या नामदेवांचा आणि पैठणच्या एकनाथांचा हा मुलूख. वारकऱ्याने माळ घातली की दारू आणि मटण दोन्ही सुटलं, हा करार आजही गावात मानला जातो. ‘तो माळकरी झालाय’ एवढं म्हटलं की पुढे कुणी आग्रह करत नाही. महानुभावांचे नियम याहून कडक. आर्य समाजाने उदगीर, लातूर, धाराशिवकडच्या भागात हीच शिकवण वेगळ्या भाषेत दिली. पण हे सगळे मार्ग एकेका माणसाचे होते. ज्याने सोडली त्याची सुटली, दुकान जागेवर राहिलं.

अख्ख्या दलित वस्त्यांनी एकदम दारूकडे पाठ फिरवायचं ठरवलं, ते १४ ऑक्टोबर १९५६ नंतर. नागपूरला धम्मदीक्षा देताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या त्यांतली सतरावी दारू न पिण्याची आहे. पंचशीलातलं पाचवं शीलही तेच सांगतं : सुरा-मेरय-मज्ज-पमादट्ठाना वेरमणी. बाबासाहेबांनी १९५० मध्ये औरंगाबादला सुरू केलेल्या महाविद्यालयामुळे मराठवाड्यातल्या दलितांची पहिली शिकलेली पिढी त्यांच्या विचाराशी आधीच जोडलेली होती, त्यामुळे ही प्रतिज्ञा इथल्या वस्त्यांत वेगाने पोचली. वंदना म्हणणाऱ्या प्रत्येक घरात ती ओळ आजही म्हटली जाते. सगळे ती पाळतात असं कुणी म्हणणार नाही. पण नवरा पिऊन आला तर बायको त्याला ‘पंचशील कशाला घेतलं मग?’ असं विचारू शकते. कायद्याच्या कलमाने तिच्या हातात एवढं कधी दिलं नाही.

आता कायद्याकडे वळू. मुंबई प्रांतात बाळासाहेब खेरांच्या मंत्रिमंडळाने १९३९ मध्येच दारूबंदीचा एक प्रयोग केला होता. स्वातंत्र्यानंतर मुंबई दारूबंदी कायदा १९४९ मध्ये आला आणि एप्रिल १९५० पासून त्या राज्यात पूर्ण बंदी सुरू झाली. राज्यघटनेच्या ४७व्या कलमाचा आधार होता, मोरारजी देसाईंचा आग्रह होता. मराठवाडा तेव्हा या राज्यात नव्हताच. १७ सप्टेंबर १९४८ ला निजामाची सत्ता संपली तरी हैदराबाद हे वेगळं राज्य १९५६ पर्यंत टिकलं आणि आबकारीही टिकली. मुंबईसारखी सरसकट बंदी तिथे आली नाही. ज्यांनी शिंदीची झाडं तोडली, त्यांच्याच पक्षाच्या सरकारला आता त्या उत्पन्नाची गरज होती. पाटी बदलली, वसुली चालू राहिली.

१ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि एक मजेशीर अवस्था तयार झाली. गोदावरीच्या अलीकडे शेवगावात दारूबंदीचा कायदा, नदी ओलांडून पैठणला हैदराबादचा आबकारी कायदा. राज्य मात्र एकच. १९५९ मध्ये मुंबईचा कायदा मराठवाडा आणि विदर्भालाही लागू झाला, तेव्हा हा प्रश्न मिटला. निदान कागदावर.

मराठवाड्याच्या वाट्याला खरी दारूबंदी आली ती एवढीच. साठच्या दशकाच्या मध्यापासून, वसंतराव नाईक मुख्यमंत्री असताना, कायदा सैल होऊ लागला आणि १९७३ मध्ये देशी दारूचे नियम आले. म्हणजे हिशेबाने जेमतेम चौदा वर्षं. आणि त्या वर्षांचं गावात काय उरलं? हातभट्टी. दुकानाची दारू बंद झाली तसा काळा गूळ आणि नवसागर यांना भाव आला. नाल्याच्या कपारीत पुरलेली रसायनाची पिंपं, मोटारीच्या ट्यूबमधून होणारी ने-आण, पहिल्या धारेचं कौतुक, ही सगळी परिभाषा त्या काळात पक्की झाली. ‘हातभट्टीवाले’ हा शब्द तर थेट कायद्याच्या नावात जाऊन बसला : झोपडपट्टी गुंडांच्या जोडीने त्यांनाही स्थानबद्ध करायला १९८१ मध्ये जो कायदा झाला, त्याच्या लांबलचक शीर्षकात तो आहे.

बंदी उठवताना सांगितलेलं कारण हातभट्टीचं होतं, आणि ते खोटं नव्हतं. पण महसुलाचं कारणही तितकंच खरं होतं. योगायोग असा की देशी दारूचे नियम आले ते १९७२ च्या दुष्काळाच्या पाठोपाठ. मराठवाडा तेव्हा खडी फोडत होता, आठवड्याच्या हजेरीवर जगत होता. रोख मजुरी हातात पडणारी ठिकाणं आणि परवान्याचं नवं दुकान एकाच काळात गावाजवळ आली.

इथे एक गंमत नोंदवून ठेवतो. महाराष्ट्रात दारूबंदी कायदा रद्द झालेला नाही. तो आजही महाराष्ट्र दारूबंदी कायदा याच नावाने आहे, आणि जिल्हा पानावरच्या ‘अवैध दारू पकडली’ छापाच्या बातमीत कलम ६५ (ई) म्हणून भेटतो. कायद्याच्या नजरेने इथला प्रत्येक पिणारा सवलतीवर पितो. त्याच्याकडे परवाना असायला हवा, आणि विदेशी दारूच्या परवान्यावर कारण लिहिलेलं असतं आरोग्याच्या रक्षणाचं. परमिट रूम हे नाव तिथूनच आलं. परमिट खिशात बाळगणारा माणूस मात्र मला अजून भेटायचाय.

सत्तरच्या दशकापासून वाइन शॉपचे नवे परवाने देणं राज्याने जवळपास थांबवलं. ऐकायला हे दारूविरोधी वाटतं. पण त्यामुळे जुना परवाना सोन्याच्या भावाचा झाला. आणि देशीचा असो की विदेशीचा, एका ठिकाणाहून उठलेला परवाना बहुतेक वेळा मरत नाही, स्थलांतरित होतो. एका गावच्या बायकांनी दुकान हाकललं की ते दुसऱ्या फाट्यावर उघडतं. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१६ मध्ये महामार्गापासून ५०० मीटरच्या आतली दुकानं बंद करायला सांगितली, तेव्हाही हेच झालं. काही दुकानं गावात आत सरकली, काही रस्त्यांचा दर्जाच बदलला.

याच काळात उद्योगाच्या अंगानेही वाद पेटले. २००७ च्या सुमारास सरकारने धान्यापासून मद्यार्क काढणाऱ्या कारखान्यांना सवलती दिल्या. डॉ. अभय बंग यांच्यासारख्यांनी कडाडून विरोध केला. ज्वारी हेच ज्या भागाचं अन्न आणि वैरण, तिथे हा विषय जास्तच टोचला. दुसरा वाद पाण्याचा. औरंगाबादच्या (आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या) औद्योगिक पट्ट्यात बिअरचे मोठे कारखाने आहेत. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी येत होतं आणि इकडे बिअर बाटलीत भरली जात होती. उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने मद्य कारखान्यांच्या पाण्यात टप्प्याटप्प्याने ६० टक्क्यांपर्यंत कपात करायला सांगितली. पाऊस पडला, विषय मागे पडला. तिजोरीची गरज मागे पडत नाही : जून २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने मद्यावरचं शुल्क वाढवलं, ते वर्षाला १४,००० कोटींच्या वाढीव उत्पन्नाचा अंदाज धरून.

एकेका जिल्ह्यापुरती दारूबंदी मराठवाड्यात कधीच झाली नाही. वर्धा, गडचिरोली आणि काही वर्षं चंद्रपूर, ही तिन्ही नावं विदर्भातली. इथली लढाई गावागावाची राहिली, आणि तिचं हत्यार आहे मतदान. २००८ च्या शासन आदेशानुसार गावातल्या किंवा वॉर्डातल्या २५ टक्के महिला मतदारांनी सह्या करून मागणी केली की सह्यांची पडताळणी होते आणि गुप्त मतदान घ्यावं लागतं. मतपत्रिकेवर दोन चित्रं असतात. उभी बाटली म्हणजे दुकान राहू द्या, आडवी बाटली म्हणजे बंद करा. ज्याने हे चित्र सुचवलं त्याला बायकांची भाषा कळत होती. अक्षर न वाचताही शिक्का बरोबर पडतो. ‘बाटली आडवी करा’ ही घोषणा मग आपोआपच तयार झाली.

अडचण मोजणीत आहे. दुकान बंद व्हायला झालेल्या मतदानाच्या नाही, तर यादीतल्या एकूण महिला मतदारांच्या निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला लागतात. समजा, गावात ९०० महिला मतदार आहेत. ५०० जणी आल्या, त्यांतल्या ४३० जणींनी बाटली आडवी केली, ६० जणींनी उभी ठेवली, दहा मतं बाद झाली. साधी निवडणूक असती तर गुलाल उधळला असता. इथे ४५१ लागतात, म्हणून दुकान चालू. जी आली नाही तिचं मत उभ्या बाटलीला पडल्यासारखंच. लग्न होऊन सासरी गेलेल्या लेकीचं नाव यादीत राहिलेलं असतं, वारलेल्या सासूचं राहिलेलं असतं. त्याही उभ्या बाटलीच्या बाजूने मोजल्या जातात. आणि हे दुकान परवान्याचं असेल तरच. हातभट्टीसाठी मतपत्रिका नाही.

यात बीड आणि आजूबाजूच्या तालुक्यांचं दुखणं आणखी वेगळं आहे. दिवाळीच्या आगेमागे उचल घेतलेल्या ऊसतोडीच्या टोळ्या साखर कारखान्यांकडे निघतात, त्या गुढीपाडव्याच्या सुमाराला परततात. कोयत्यावर नवरा-बायको दोघंही जातात. दारूचा मार सर्वांत जास्त सोसलेल्या बायका सहा महिने सांगली-कोल्हापूरच्या नाहीतर कर्नाटकच्या फडात असतात. म्हणून अशा गावांत महिला मंडळाच्या बैठकीत पहिला प्रश्न सह्यांचा नसतो. अर्ज कधी दिला तर पडताळणी होऊन मतदान कोणत्या महिन्यात येईल, यावर खल होतो. पंचवीस टक्के सह्या दिवाळीआधी जमल्या तरी वही कपाटात ठेवायची, टोळ्या परत येईपर्यंत थांबायचं, आणि मग पावसाची कामं सुरू व्हायच्या आत तहसील गाठायचं. दुकानवाल्यालाही हे कॅलेंडर पाठ असतं. पडताळणी लांबली, एखाद्या सहीवर हरकत आली, की मतदान दसऱ्यापलीकडे सरकतं, आणि तोवर टोळ्या नेणाऱ्या मुकादमाच्या गाड्या गावाबाहेर उभ्या राहिलेल्या असतात.